इनबोर्ड मोटरबोटीचं इंजिन ऑइल कसं बदलायचं

गाडीचं ऑइल बदलण्याची सवय असलेल्याला बोटीतही तेच काम असेल असं वाटतं. खालचा नट सोडायचा, तेल वाहून जाऊ द्यायचं, फिल्टर बदलायचा आणि नवं ओतायचं. इनबोर्ड, म्हणजे इंजिन आतच बसवलेल्या बोटीत पहिल्याच पायरीवर गाडं अडतं. इंजिन अगदी तळाशी बसवलेलं असतं, आणि ऑइल चेंबर व बोटीचा तळ यांच्यात जेमतेम हात शिरेल एवढी फट असते. नट असला तरी त्याला पाना लागत नाही. लागलाच, तर खाली भांडं ठेवायला जागा नसते. म्हणून बहुतेक इनबोर्ड इंजिनांचं तेल खालून सोडत नाहीत, डिपस्टिकच्या, म्हणजे तेलाची पातळी पाहायच्या पट्टीच्या, नळीतून वर उपसून काढतात.

या एका फरकामुळे सगळं काम बदलतं. खालून सोडलेलं तेल संपलं की धार थांबते आणि ते डोळ्यांना दिसतं. वरून उपसलेलं तेल पूर्ण निघालं की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. शिवाय सांडलेला प्रत्येक थेंब बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या खोलगट भागात जातो. तिथल्या पाण्यावर तो तरंगतो आणि बिल्ज पंप सुरू झाला की सरळ बाहेरच्या पाण्यात पडतो. या कामाला ताकद फारशी लागत नाही, तयारी आणि मोजमाप मात्र नीट लागतं.

कधी बदलायचं

बहुतेक उत्पादकांचा नियम १०० तास किंवा वर्षातून एकदा, यातलं जे आधी येईल ते, असा असतो. काही डिझेल इंजिनांना याहून जास्त तास दिलेले असतात, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेचा. इंजिन नवं असेल किंवा पूर्ण उघडून बांधलेलं असेल, तर पहिला बदल लवकर करतात, साधारण २० ते ५० तासांत. एकमेकांवर घासून बसणाऱ्या नव्या भागांचा बारीक कीस त्या पहिल्या तेलात उतरलेला असतो.

बोटीचं तेल गाडीच्या तेलापेक्षा लवकर थकतं. गाडी उतारावर किंवा सपाट रस्त्यावर इंजिनाला उसंत देते. बोटीला पाणी सतत मागे ओढत असतं, त्यामुळे इंजिन तासन्‌तास मोठ्या भाराखाली चालतं. दुसरं कारण थंडाव्याचं आहे. बाहेरचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवणाऱ्या इंजिनांमध्ये थर्मोस्टॅट मुद्दाम कमी तापमानाचा, साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसचा बसवतात, कारण खाऱ्या पाण्याचं तापमान वाढलं की आत क्षारांचा थर जमतो. गाडीचं इंजिन ९० अंशांच्या आसपास चालतं. इंजिन जितकं थंड चालेल तितकं तेलात शिरलेलं पाणी आणि इंधन उडून जायला कमी वाव मिळतो, आणि ते तेलातच साचत राहतं.

बोट काही महिने बंद ठेवायची असेल, तर तेल बंद ठेवण्याआधी बदला. माझा यावर ठाम आग्रह आहे. ‘पुढच्या वेळी सुरू करताना नवं टाकू’ हा विचार पैसे वाचवणारा वाटतो, पण वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं आणि ओलावा असतो, आणि इंजिन उभं असताना ते सगळं महिनोन्‌महिने बेअरिंगला लागून राहतं.

कोणतं तेल घ्यायचं

पेट्रोल इनबोर्डसाठी डब्यावर ‘एफसी-डब्ल्यू’ हे चिन्ह पाहा. अमेरिकेतल्या एनएमएमए या सागरी उत्पादकांच्या संघटनेचं हे प्रमाणपत्र आहे. त्यासाठीच्या चाचण्यांमध्ये तेल गंज किती रोखतं, फेस किती धरतं आणि फिल्टर चोंदवतं का, हे तपासलेलं असतं. गाडीच्या तेलावर अशी गंजाची परीक्षा झालेली असेलच असं नाही, आणि बोटीच्या इंजिनाला तिचीच गरज जास्त. डिझेल इंजिनासाठी एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची डिझेल श्रेणी पाहायची, उदाहरणार्थ सीआय-४ किंवा सीके-४. जाडी बऱ्याचदा १५डब्ल्यू-४० असते, पण पुस्तिकेत वेगळी असेल तर तीच घ्या.

किती लागेल तेही पुस्तिकेतच ‘फिल्टरसह’ आणि ‘फिल्टरशिवाय’ असं दिलेलं असतं. फिल्टरसहचा आकडा एका कागदावर लिहून इंजिनाच्या झाकणाच्या आतून चिकटवा. पुढे प्रत्येक पायरीला तो लागणार आहे. एक लिटर जादा आणून ठेवा.

आधी सगळं हाताशी ठेवा

उपसायच्या पंपांत तीन प्रकार सर्रास दिसतात. लहान पितळी हातपंप स्वस्त असतो, पण एका हाताने पंप आणि दुसऱ्या हाताने नळी सांभाळताना सांडलवंड होते. १२ व्होल्टचा विजेचा पंप वेगवान असतो. मात्र तो ठिणगीपासून सुरक्षित बनावटीचा नसेल तर पेट्रोल बोटीच्या इंजिनखान्यात त्याला जागा नाही. तिसरा प्रकार म्हणजे निर्वात टाकी. वरचा दांडा काही वेळा हलवायचा, आत निर्वात तयार होतो आणि तेल आपोआप ओढलं जातं. मी हाच घ्यायला सांगेन. टाकी बंद असते, ठिणगीचा प्रश्न येत नाही, आणि बहुतेक टाक्यांवर लिटरच्या खुणा असतात, म्हणजे मोजमाप तिथल्या तिथे होतं. टाकीत तुमच्या इंजिनाचं सगळं तेल मावेल एवढी ती मोठी हवी.

काही बोटींमध्ये चेंबरच्या नटाच्या जागी कायमची नळी बसवलेली असते. काही स्टर्नड्राइव्ह बोटी, म्हणजे इंजिन आत आणि पंख्याचं युनिट मागे बाहेर असलेल्या बोटी, जमिनीवर घेतल्या की ही नळी तळातल्या पाणी सोडायच्या भोकातून बाहेर काढून तेल खाली सोडता येतं. तशी सोय असेल तर तीच वापरा, कारण तेल जास्त चांगलं रिकामं होतं. त्या भोकाची बुचं मात्र मोजून खिशात ठेवा आणि बोट पाण्यात उतरवण्याआधी परत बसली आहेत हे स्वतःच्या हाताने तपासा.

याखेरीज नवा फिल्टर, फिल्टरचा पाना, नरसाळं, टॉर्च, नायट्राइलचे हातमोजे, जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि भरपूर फडकी लागतील. तेल शोषणाऱ्या पांढऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या चटया मिळाल्या तर जरूर घ्या. त्या पाणी सोडून फक्त तेल पितात आणि पाण्यावर तरंगतात, त्यामुळे ओल्या बिल्जमध्येही कामाला येतात. हातमोजे टाळू नका. वापरलेल्या तेलात त्वचेला घातक आणि कर्करोगाचा धोका वाढवणारी संयुगं असतात.

काम सुरू करण्याआधी बिल्ज पंपाचा आपोआप सुरू होणारा स्विच बंद करा आणि इंजिनाखाली शोषक चटया पसरा. पंप बंद केल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला लावा, म्हणजे शेवटी तो परत चालू करायचा राहणार नाही.

तेल गरम करणं

थंड तेल घट्ट असतं. पातळ नळीतून ते ओढलं जात नाही, आणि गाळही तळाशी बसून राहतो. म्हणून आधी इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं. पेट्रोल इंजिन असेल तर सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनखान्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा, किमान ४ मिनिटं चालवा आणि इंजिनखान्यात स्वतः वास घेऊन पाहा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, तळात साचते.

बोट पाण्यात असेल तर सीकॉक, म्हणजे बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, उघडा आहे हे पाहा. बोट जमिनीवर असेल तर पाण्याची सोय केल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरला तर फार लवकर जळतो. नळाच्या दाबाचं पाणी जोडत असाल तर क्रम पाळा: आधी इंजिन सुरू, लगेच पाणी सुरू, आणि थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. बंद इंजिनात दाबाने पाणी सोडत राहिलं, तर ते एक्झॉस्ट भरून सिलिंडरपर्यंत पोहोचू शकतं.

तेल फार तापवण्याचीही गरज नाही. उकळत्या तेलाने नळी मऊ पडते, निर्वाताने आतल्या आत चपटी होते आणि तेल यायचं थांबतं. इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, वरचं तेल चेंबरमध्ये उतरू द्या. चटका बसणार नाही, पण स्पर्शाला चांगलं गरम लागेल, अशा बेताला काम सुरू करायचं. आता चुकून कोणी सेल्फ मारू नये म्हणून चावी काढून खिशात टाका.

उपसणं

आधी डिपस्टिक पुसून पातळी पाहा आणि लिहून ठेवा. मग काढलेली डिपस्टिक पंपाच्या नळीशेजारी धरून तिच्या लांबीएवढ्या अंतरावर नळीला चिकटपट्टीची खूण करा. नळी आत सारताना खूण तोंडाशी आली की टोक डिपस्टिकच्या खोलीला पोहोचलं, आणि आता आणखी खाली, चेंबरच्या तळापर्यंत जायचं आहे, हे कळतं. तळ लागला की नळी किंचित वर घ्या, नाहीतर तिचं तोंड तळाला चिकटून बंद होईल. जोर लावून खुपसू नका, तळाशी जाऊन ती वाकते आणि टोक पुन्हा वरच्या दिशेला वळतं.

तेल येऊ लागलं की नळी हलू देऊ नका. शेजारून जाणाऱ्या बोटीच्या लाटेने टाकी कलंडू शकते, तेव्हा ती बांधून किंवा कोपऱ्यात टेकवून ठेवा. गुरगुर आवाज आला, म्हणजे नळी हवा ओढू लागली. इथे काम संपलं असं धरू नका. नळी थोडी वर, थोडी खाली, थोडी फिरवून पाहा. दहा मिनिटं थांबून पुन्हा ओढा, दरम्यान भिंतींवरून आणखी तेल उतरलेलं असतं. शाफ्टवर चालणाऱ्या बोटीत इंजिन मागच्या बाजूला कललेलं असतं आणि तेल चेंबरच्या मागच्या टोकाला जमतं. डिपस्टिकची नळी पुढच्या बाजूला असेल, तर बोटीतलं वजन पुढे सरकवून किंवा जमिनीवर असल्यास बोटीचं नाक थोडं खाली करून फरक पडतो.

आता मोजायचं. समजा फिल्टरसह क्षमता ५ लिटर आहे, फिल्टरमध्ये अर्धा लिटर मावतं आणि डिपस्टिकवर पातळी पूर्ण होती. मग पंपाने साडेचार लिटरच्या आसपास तेल द्यायला हवं. साडेतीनच आलं असेल तर एक लिटर जुनं तेल अजून आत आहे. त्यावर नवं पाच लिटर ओतलं, तर तेल जास्त होतं आणि जे भरलं तेही अर्धवट घाणच राहतं. आकडा जुळेपर्यंत नळी पुन्हा पुन्हा सारत राहा.

फिल्टर

फिल्टर बोटीत हमखास अशा जागी असतो की तो सुटला की तेल ब्लॉकवरून ओघळत खाली जातं. उपाय सोपा आहे. फिल्टर पान्याने पाव फेरा सैल करा, मग त्याभोवती खालून जाड पिशवी चढवा आणि पिशवीतूनच हाताने सोडवा. फिल्टर आणि तेल दोन्ही पिशवीत येतात. हात घसरत असेल तर फिल्टरभोवती खरखरीत पॉलिश पेपर गुंडाळून पकडा. पेचकस आरपार ठोकून फिरवण्याची युक्ती मात्र बोटीत करू नका. पत्रा फाटतो, फिल्टर तिथेच राहतो आणि तेल सगळीकडे जातं.

जुना फिल्टर निघाला की त्याचं रबरी पॅकिंग त्याच्याबरोबरच आलं आहे का ते पाहा. ते ब्लॉकला चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसला, तर दोन पॅकिंग एकावर एक येतात आणि दाब वाढला की मिनिटाभरात सगळं तेल बिल्जमध्ये फेकलं जातं. बसण्याची जागा फडक्याने पुसा आणि टॉर्चने तपासा.

नव्या फिल्टरच्या पॅकिंगवर बोटाने नवं तेल चोळा. फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर तो तेलाने भरून बसवला तरी चालतं, त्यामुळे दाब लवकर येतो. आडवा बसणारा फिल्टर भरू नका, सगळं सांडेल. आटे हातानेच धरवा. पॅकिंग टेकल्यावर साधारण पाऊण ते एक फेरा पुरतो, नेमका आकडा फिल्टरवर छापलेला असतो. पान्याने आवळू नका.

भरणं

भरताना आधार घ्यायचा तो काढलेल्या मापाचा. जेवढं निघालं, त्यात फिल्टरचं धरून, त्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता. पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक पाहा. मग थोडं थोडं ओतत खुणेपर्यंत या. पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये वरच्या बाजूला असली की पुरे. जास्त तेल हे कमी तेलाइतकंच वाईट. क्रँकशाफ्ट त्यात बुडून तेल घुसळते, फेस होतो, आणि फेसाळ तेलाने दाब टिकत नाही. डिझेलमध्ये फारच जास्त भरलं तर तेल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, हवेच्या मार्गात ओढलं जाऊन इंजिन त्याच तेलावर बेफाम पळू शकतं.

ट्रेलरवर कललेल्या बोटीत डिपस्टिक खोटं बोलते, म्हणून अखेरची पातळी बोट पाण्यात नेहमीसारखी उभी असताना पाहा. बोटीत इंजिन बदलून बसवलेलं असेल, तर कोन वेगळा झाल्याने जुन्या खुणाही चुकीच्या असू शकतात. अशा वेळी एकदा पूर्ण रिकामं करून पुस्तिकेतलं माप मोजून भरा आणि डिपस्टिकवर नवी खूण कोरा.

गिअरबॉक्सची डिपस्टिक इंजिनाच्या शेजारीच असते, आणि तिच्यात बऱ्याचदा वेगळंच तेल लागतं. अनेक सागरी गिअरबॉक्सना ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं लाल तेल चालतं, काहींना इंजिन ऑइल. कोणत्या तोंडात ओतताय, हे दोनदा पाहा.

सुरू करून तपासणं

बिल्जमध्ये सांडलेलं काही राहिलं नाही हे पाहून पुन्हा ब्लोअर, पुन्हा सीकॉक, मग इंजिन. तेलाच्या दाबाचा दिवा विझायला किंवा गेजचा काटा वर यायला काही सेकंद लागतात. दहा-पंधरा सेकंदांत दाब आला नाही तर लगेच बंद करा. रेस करू नका.

काहीजण आधी इंजिन न पेटवता नुसता सेल्फ मारून तेल फिरवतात. एखाद-दोन छोट्या आचक्यांत हरकत नाही. जास्त वेळ करायचं असेल तर सीकॉक बंद करा, कारण इंजिन पेटत नसलं तरी पाण्याचा पंप फिरत असतो. पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो आणि सायलेन्सर भरून पाणी सिलिंडरकडे चढतं. इंजिन पेटायच्या क्षणी सीकॉक उघडायला विसरू नका. सेल्फ मारून झाला की चावी काढून सीकॉकच्या दांड्यालाच अडकवून ठेवणं हा चांगला उपाय आहे.

पाच मिनिटं मंद गतीवर चालवा. एक्झॉस्टमधून पाणी येतंय ना पाहा, आणि टॉर्च घेऊन फिल्टरच्या तळाशी बोट फिरवा. कोरडं लागलं पाहिजे. बंद करून दहा मिनिटांनी शेवटची पातळी घ्या.

जुनं तेल काय सांगतं

जुनं तेल लगेच ओतून देऊ नका. डिझेलचं तेल काळं असणं स्वाभाविक आहे, नवं टाकल्यावर काही तासांतच ते काळं होतं. दुधी, चहासारखा रंग मात्र धोक्याचा, कारण तेलात पाणी मिसळलं आहे. हेड गास्केट, गंजलेला एक्झॉस्ट रायझर (धूर आणि थंडाव्याचं पाणी बाहेर नेणारा भाग) किंवा फुटलेला ऑइल कूलर, यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा असतं. झाकणाच्या आत थोडा पांढरा चिकटा असेल तर तो थंडीत साचलेला ओलावाही असू शकतो, पण सगळंच तेल दुधी असेल तर कारण सापडेपर्यंत इंजिन चालवू नका. खारं पाणी बेअरिंग फार झपाट्याने खातं. तोवर तेल पुन्हा बदलून इंजिन थोडं चालवून ठेवायचं की तसंच ठेवायचं, हे मेकॅनिक येऊन ठरवू दे, आणि त्याला लवकर बोलवा.

तेलाला इंधनाचा वास येत असेल, किंवा न भरता पातळी वाढलेली दिसली, तर इंधन पंप किंवा इंजेक्टर गळत असू शकतो. इंधनाने पातळ झालेलं तेल बेअरिंगवर थर धरत नाही.

फिल्टर कापून आतला कागद उलगडून पाहण्याची सवय लावा. चुंबकाला चिकटणारा कीस लोखंडाचा, न चिकटणारा चमकदार कीस बेअरिंगचा किंवा ॲल्युमिनियमचा. नवीन इंजिनात थोडा कीस चालतो. जुन्या इंजिनात तो अचानक दिसू लागला तर दखल घ्या. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत देता येतो. त्यासाठी उपसताना धार मध्यावर असताना स्वच्छ बाटलीत थोडं घ्यायचं. अहवालात तांबं, शिसं आणि कथील वाढलं तर बेअरिंगकडे, सिलिकॉन वाढलं तर हवेबरोबर आलेल्या धुळीकडे, सोडियम वाढलं तर खाऱ्या पाण्याकडे किंवा कूलंटकडे बोट दाखवलं जातं. एका अहवालाने फार कळत नाही, दोन-तीन बदलांचे आकडे शेजारी ठेवले की कल दिसतो. म्हणून वहीत तारीख, इंजिनाचे तास, तेलाची जात, निघालेलं आणि भरलेलं माप लिहा.

विल्हेवाट

तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर ‘वापरलेलं इंजिन ऑइल’ असं लिहा. त्यात पेट्रोल, कूलंट किंवा बिल्जचं पाणी मिसळू नका, भेसळीचं तेल पुनर्वापरासाठी घेतलं जात नाही. फिल्टर भोक पाडून रात्रभर उलटा निथळत ठेवा आणि तेलाबरोबरच संकलन केंद्रात द्या. तेलाने भिजलेल्या चटया आणि फडकी वेगळ्या बंद पिशवीत.

बिल्जमध्ये थोडं तेल पडलंच, तर साबण ओतू नका. साबणाने तेल नाहीसं होत नाही, बारीक थेंबांत फुटून पाण्यात मिसळतं आणि मग चटईलाही पकडता येत नाही. चटईनेच टिपून घ्या. पाण्यावर तवंग दिसेनासा झाला की मगच बिल्ज पंपाचा स्विच परत लावा.

पहिल्या फेरीवर निघालात की अर्ध्या तासाने इंजिन थांबवून झाकण उघडा. भाराखाली चालल्यावरच सैल फिल्टर किंवा नीट न बसलेलं पॅकिंग उघडं पडतं. फिल्टरखाली एक स्वच्छ पांढरी चटई ठेवलेली असेल, तर तिच्यावरचा डाग लगेच दिसेल.